बिडाचे कोष्टक : पाठ करायचे की तपासायचे?

लोखंडाच्या मिश्रधातूंचा विषय निघाला की बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत एक कोष्टक हमखास सापडते. डाव्या रकान्यात मूलद्रव्याचे नाव, उजव्या रकान्यात त्याचा ‘परिणाम’. सिलिकॉन बीड मऊ करते. मँगनीज कठीण करते. गंधक ठिसूळ करते. फॉस्फरसमुळे रस पातळ होतो. क्रोमियममुळे कठीणपणा येतो, निकेलमुळे बळकटी येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गापासून पदविकेच्या टिपणांपर्यंत हे कोष्टक थोड्याफार फरकाने तेच असते. शाळेत त्याची संक्षिप्त आवृत्ती एका वाक्यात येते : ओतीव लोखंड म्हणजे अशुद्ध लोखंड, ते कठीण व ठिसूळ असते.

या लेखात त्या कोष्टकाची आणि त्या वाक्याची तपासणी करायची आहे. त्यातली विधाने खोटी आहेत, असे म्हणायचे नाही. प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या परिस्थितीत खरे आहे. तक्रार अशी आहे की ती परिस्थिती कोणती हे कोष्टक सांगत नाही आणि ती विचारावी असे विद्यार्थ्याला सुचूही देत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शिक्षकांना तर हा विषय परका वाटू नये. उल्हासनगरच्या घराघरांत आणि गाळ्यांत जीन्स शिवणारी यंत्रे आहेत. शिलाई यंत्राचा जड देह वर्षानुवर्षे बिडाचाच होत आला आहे. अंबरनाथला १९५०च्या दशकात मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. यंत्रे बनवणाऱ्या यंत्राची बैठक म्हणजे बीड. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत आणि आम्ल खेचणाऱ्या पंपांत बिडाचा एक खास प्रकार वापरतात. स्वयंपाकघरात थालीपीठ लावायला बिडाचा तवा आहे. इथल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी लेथवर काम करणारे कोणी तरी असते. अशा मुलाला आपण ‘ओतीव लोखंड ठिसूळ असते’ एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळतो, तेव्हा त्याच्या घरातले ज्ञान आणि शाळेतले ज्ञान यांची गाठ पडायची संधी आपण घालवतो.

‘अशुद्ध’ या शब्दाची तपासणी

आधी शाळेतले वाक्य घेऊ. साध्या करड्या बिडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन, १ ते ३ टक्के सिलिकॉन, थोडे मँगनीज आणि त्याहून थोडे गंधक व फॉस्फरस असते. यांना सरसकट ‘अशुद्धी’ म्हटले की विद्यार्थ्याच्या मनात दुधात पाणी मिसळल्याचे चित्र उभे राहते : जेवढे कमी तेवढे चांगले. बिडाच्या बाबतीत हे चित्र दिशाभूल करणारे आहे.

कार्बनमुळे लोखंडाचा वितळणबिंदू १५३८ अंश सेल्सिअसवरून सुमारे ११५० अंशांपर्यंत खाली येतो, म्हणून ते साध्या भट्टीत वितळते व नाजूक साच्यातही भरते. सिलिकॉन नसेल तर तो कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात बाहेर पडणे अवघड होते. आणि गंधक? ओतकाम करणाऱ्यांचा अनुभव असा, की करड्या बिडातले गंधक सुमारे ०.०५ टक्क्यांच्या फार खाली गेले तर ग्रॅफाइट नीट तयार होत नाही, कारण मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण हेच ग्रॅफाइटच्या वाढीला आधार देतात. कोळशावर चालणाऱ्या क्युपोलामध्ये गंधक कोकमधून आपोआप येत असे. आता विजेच्या इंडक्शन भट्टीत पोलादाचे भंगार वितळवतात, तेव्हा गंधक इतके कमी पडते की काही ठिकाणी ते लोह सल्फाइडच्या रूपात मुद्दाम टाकावे लागते. ज्या पदार्थाला आपण अशुद्धी म्हणतो तो पैसे देऊन विकत घेतला जातो, ही गोष्ट वर्गात सांगितली तर ‘अशुद्ध’ या शब्दाचे काय करायचे ते मुलेच ठरवतील.

‘ठिसूळ’ हा शब्दही असाच. तो खरा आहे, पण कारणाशिवाय सांगितला जातो. करड्या बिडात वजनाने सुमारे ३ टक्के मोकळे ग्रॅफाइट धरू. ग्रॅफाइटची घनता सुमारे २.२ आणि लोखंडाची ७.८. म्हणजे १०० ग्रॅम बिडात ग्रॅफाइटचे आकारमान ३ भागिले २.२, म्हणजे सुमारे १.४ घन सेंटिमीटर. उरलेल्या लोखंडाचे ९७ भागिले ७.८, म्हणजे सुमारे १२.४. वजनाने जे ३ टक्के ते आकारमानाने जवळजवळ १० टक्के झाले! हे ग्रॅफाइट वाकड्यातिकड्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेले असते. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळजवळ नाही, म्हणून प्रत्येक पापुद्रा एखाद्या चिरेसारखा वागतो. ओढले तर बीड तुटते; दाबले तर मात्र चिरा मिटतात, म्हणून दाब सोसण्याची त्याची ताकद ओढ सोसण्याच्या ताकदीच्या तीन-चार पट असते. हेच पापुद्रे कंपने जिरवतात, म्हणून यंत्राची बैठक बिडाची. हेच पापुद्रे कापताना धातूचे तुकडे पाडतात आणि वंगणाचे काम करतात, म्हणून बीड लेथवर सहज कापले जाते. दोष आणि गुण एकाच रचनेतून आले आहेत. रचना न सांगता गुणांची यादी दिली की हा दुवा निसटतो.

मूळ गोष्ट : गोठतानाची शर्यत

मूलद्रव्यांचा परिणाम समजण्यासाठी एक कल्पना पुरेशी आहे आणि ती दहावीच्या विद्यार्थ्याला समजते. वितळलेल्या लोखंडातल्या कार्बनपुढे गोठताना दोन वाटा असतात. तो ग्रॅफाइट म्हणून वेगळा होईल किंवा लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट, म्हणजे तीन अणू लोखंडाला एक अणू कार्बन असे कार्बाइड, बनेल. पहिल्या वाटेने गेला तर तुटलेली कड करडी दिसते. ते करडे बीड. दुसऱ्या वाटेने गेला तर कड चांदीसारखी पांढरी. ते पांढरे बीड, अतिशय कठीण आणि काचेसारखे फुटणारे.

फक्त लोखंड आणि कार्बन असतील तर ग्रॅफाइटची वाट सुमारे ११५४ अंशांना उघडते आणि सिमेंटाइटची सुमारे ११४८ अंशांना. दोहोंत अंतर अवघे सहा अंशांचे. रस सावकाश निवला तर या सहा अंशांत ग्रॅफाइटला सुरुवात करता येते. भरकन निवला तर ही अरुंद खिडकी ओलांडून तो खाली घसरतो आणि मग झपाट्याने वाढणारे सिमेंटाइट शर्यत जिंकते.

आता मूलद्रव्ये काय करतात? सिलिकॉन ही खिडकी रुंद करते. दोन टक्के सिलिकॉन असले की अंतर कित्येक पटींनी वाढते आणि ग्रॅफाइटला भरपूर सवड मिळते. निकेल आणि तांबे हेही खिडकी रुंद करतात, पण सिलिकॉनइतकी नाही. क्रोमियम आणि व्हॅनेडियम ती अरुंद करतात. क्रोमियम पुरेसे असले तर खिडकी मिटूनच जाते. बस्स. कोष्टकातल्या निम्म्या नोंदी या एका चित्रात बसल्या. शिवाय निवण्याचा वेग हा मूलद्रव्यांच्याच जोडीचा घटक आहे, हे कोष्टकातून कधीच कळले नसते ते इथे आपोआप कळले.

पण शर्यतीचा दुसरा टप्पाही आहे. गोठलेले बीड आणखी निवत सुमारे ७३० अंशांच्या आसपास येते, तेव्हा घन लोखंडात विरघळून राहिलेल्या कार्बनला पुन्हा निवड करावी लागते. तो आधीच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसला तर मागे मऊ लोखंड, म्हणजे फेराइट, उरते. जागीच सिमेंटाइटचे पातळ थर बनून राहिला तर पर्लाइट ही मजबूत, झीज सोसणारी रचना मिळते. दोन टप्प्यांत एकच मूलद्रव्य वेगवेगळे वागू शकते. तांबे हे उत्तम उदाहरण आहे : पहिल्या टप्प्यात ते ग्रॅफाइटच्या बाजूचे, दुसऱ्या टप्प्यात पर्लाइटच्या. म्हणून कारागिराला ते आवडते. पातळ कडा पांढऱ्या न होता अंगची ताकद वाढते. कोष्टकात मात्र ‘तांबे’ या नावापुढे एकच ओळ असते. एक पुस्तक लिहिते ‘ग्रॅफाइट वाढवते’, दुसरे लिहिते ‘पर्लाइट वाढवते’, आणि विद्यार्थी समजतो की दोहोंपैकी एक पुस्तक चुकले.

कोष्टकाला विचारायचा पहिला प्रश्न : किती?

‘सिलिकॉन बीड मऊ करते’ ही नोंद घेऊ. १ ते ३ टक्क्यांच्या पट्ट्यात ती बरोबर आहे. ४ ते ६ टक्के सिलिकॉन घातले तर उष्णतेत न जळणारे बीड मिळते, ते भट्टीच्या भागांसाठी वापरतात. आणि १४ ते १५ टक्के घातले तर? मिळणारे बीड इतके कठीण असते की ते लेथवर कापता येत नाही, सहाणेच्या चाकावर घासूनच आकाराला आणावे लागते. ते हातून पडले तर फुटू शकते. पण गरम गंधकाम्लाला ते दाद देत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर सिलिकाचा चिवट थर धरतो. आम्लाच्या पंपांसाठी वापरतात ते हेच बीड. हायड्रोफ्लोरिक आम्लापुढे मात्र त्याचे काही चालत नाही, कारण ते आम्ल सिलिकाच खाते. हीच गोष्ट काचेच्या बाबतीत विद्यार्थी शिकलेले असतात. आता सांगा, सिलिकॉन बीड मऊ करते की कठीण?

निकेलची कथा याहून मजेदार आहे. सुमारे ४ टक्के निकेल आणि २ टक्के क्रोमियम घातलेले पांढरे बीड ‘नाय-हार्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. दगड आणि खनिजे दळणाऱ्या यंत्रांत ते लागते; त्याचा ब्रिनेल कठीणपणा ५५०च्या पुढे जातो. साध्या करड्या बिडाचा असतो सुमारे २००. निकेल वाढवत वाढवत २० टक्क्यांवर नेले, की ‘नाय-रेझिस्ट’ हे बीड मिळते. तेही टिकाऊ, खाऱ्या पाण्याला आणि अल्कलींना पुरून उरणारे. पण त्याचा कठीणपणा साध्या बिडापेक्षाही कमी आणि चुंबक त्याला जवळजवळ ओढत नाही. कारण इतक्या निकेलमुळे लोखंडाची एरवी फक्त तापलेल्या अवस्थेत असणारी स्फटिकरचना, म्हणजे ऑस्टेनाइट, साध्या तापमानालाही टिकून राहते. ‘बिडाचा कठीणपणा वाढवण्यासाठी काय मिसळतात?’ या प्रश्नाला ‘निकेल’ हे उत्तर बरोबरही आहे आणि चूकही. अशा प्रश्नाला एका गुणाची रिकामी जागा देणे हा निकेलवरही अन्याय आहे आणि विद्यार्थ्यावरही.

क्रोमियमबद्दल थोडक्यात. ०.२ ते ०.६ टक्के असता ते पर्लाइटला मदत करून करड्या बिडाची ताकद वाढवते. त्याहून थोडे वाढवले की पातळ भाग पांढरे पडू लागतात आणि बीड ठिसूळ होते. पण १०-१२ टक्क्यांच्या पुढे गेले की कार्बाइडचाच प्रकार बदलतो. आधी सलग जाळ्यासारखे असलेले कार्बाइड आता सुट्या कांड्यांच्या रूपात येते, ते अधिक कठीण असते आणि जाळे तुटल्याने बीड त्या मानाने चिवटही होते. म्हणजे थोड्या क्रोमियमने ठिसूळपणा वाढला आणि पुष्कळ क्रोमियमने तो आटोक्यात आला. सरळ रेषेत विचार करणाऱ्या कोष्टकात हे मावणारच नाही.

दुसरा प्रश्न : कोणाबरोबर?

इथे कोष्टक केवळ अपुरे राहत नाही, नुकसान करते. मँगनीज कार्बाइडच्या बाजूचे आहे, गंधकही कार्बाइडच्या बाजूचे आहे. कोष्टकात दोघांपुढे ‘कठीण व ठिसूळ करते’ असे असते. समजा, एका छोट्या ओतशाळेत बिडाचे नग कडक निघत आहेत, लेथवर टूल टिकत नाही. तपासणीत गंधक ०.१२ टक्के आणि मँगनीज ०.३५ टक्के आढळले. कोष्टक पाठ केलेला मुलगा म्हणेल, मँगनीज कमी करा. वस्तुतः उपाय उलटा आहे. मँगनीज आणि गंधक एकमेकांना भेटले की मँगनीज सल्फाइड बनते आणि दोघांचाही कार्बाइडकडचा ओढा त्या संयुगात संपतो. गंधक मोकळे राहिले तर ते लोखंडाशी जुळून नुकसान करते. म्हणून ओतकामात एक हिशेब वापरतात : मँगनीजची टक्केवारी ही गंधकाच्या टक्केवारीची १.७ पट अधिक ०.३ इतकी हवी. आपल्या उदाहरणात १.७ गुणिले ०.१२ म्हणजे ०.२०, त्यात ०.३० मिळवले की ०.५०. मँगनीज ०.३५ आहे, म्हणजे ते वाढवायला हवे. कोष्टकाप्रमाणे ते कमी केले असते तर पुढची खेप आणखी कडक निघाली असती. ते नग पुन्हा वितळवावे लागतात; कोक किंवा वीज, वाळू, मजुरी आणि गिऱ्हाईकाचा विश्वास, सारेच पाण्यात जाते.

या सूत्रातला १.७ हा आकडा कोठून आला, हे विद्यार्थ्यांना जरूर शोधू द्यावे. मँगनीजचे अणुवस्तुमान सुमारे ५५, गंधकाचे ३२. ५५ भागिले ३२ बरोबर १.७. आवर्तसारणीतल्या दोन आकड्यांवरून ओतशाळेतला निर्णय घेता येतो, हे दाखवणारे इतके सुबक उदाहरण क्वचितच मिळेल.

मॅग्नेशियमचे उदाहरण तर बिडाच्या इतिहासातले सर्वांत मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमची टंचाई होती. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस हे नाय-हार्ड बिडात क्रोमियमची जागा कोण घेईल याचा शोध घेत होते. कार्बाइड बनवू शकणारी जी मूलद्रव्ये त्यांनी तपासली त्यांत मॅग्नेशियम होते. १९४३ मध्ये असे दिसून आले, की थोड्याशा मॅग्नेशियमने बिडातल्या ग्रॅफाइटचा आकारच बदलतो. पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार होतात. इंग्लंडमध्ये हेन्टन मोरो यांनी सीरियम वापरून असेच बीड मिळवले. १९४८ मध्ये दोन्ही गोष्टी जाहीर झाल्या आणि १९४९ मध्ये मॅग्नेशियमच्या पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळाले. गोळ्या चिरांसारख्या वागत नाहीत, म्हणून हे बीड वाकते, ताणले जाते. भारतीय मानक १८६५ मधल्या ‘एसजी ४००/१५’ या प्रतीचा अर्थ असा : ताणबल प्रति चौरस मिलिमीटर ४०० न्यूटन आणि तुटण्यापूर्वी १५ टक्के लांबी वाढ. साध्या करड्या बिडात ही वाढ एक टक्काही नसते. हे साधायला बिडात राहावे लागणारे मॅग्नेशियम किती? सुमारे ०.०४ टक्के, म्हणजे किलोमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. पण गंधक जास्त असेल तर ते मॅग्नेशियम आधी गिळून टाकते, आणि शिशाचा अगदी सूक्ष्म अंश आला तरी गोळ्या बिघडतात. पुन्हा तोच प्रश्न : कोणाबरोबर?

पाणीपुरवठ्याच्या जुन्या नळांत करडे बीड असे, आता मोठ्या प्रमाणावर डक्टाइल आयर्नचे, म्हणजे याच गोळ्यांच्या बिडाचे, नळ घालतात. ‘ओतीव लोखंड ठिसूळ असते’ हे वाक्य शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या पायाखालून न तुटणाऱ्या ओतीव लोखंडाचा नळ जात असतो!

तिसरा प्रश्न : किती वेगाने आणि केव्हा?

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये तयार केलेला लोखंडी नांगर मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८०३ मध्ये, इंग्लंडमधल्या इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यांनी नांगराच्या फाळाची एक युक्ती पेटंट केली. साच्याचा खालचा भाग वाळूऐवजी लोखंडाचा ठेवला, की फाळाची खालची बाजू भरकन निवून पांढऱ्या बिडाची होते. वरची बाजू सावकाश निवून मऊ राहते. शेतात वरची बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. एकच रस, एकच रासायनिक पृथक्करण, एकाच नगात दोन बिडे. कोष्टकातल्या मूलद्रव्यांपैकी एकाचेही प्रमाण बदललेले नाही.

याहून सूक्ष्म उदाहरण ‘इनॉक्युलेशन’चे. लस टोचण्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे तोच इथे वापरतात. ओतण्यापूर्वी रसात ०.२ ते ०.५ टक्के फेरोसिलिकॉन टाकले की ग्रॅफाइटला वाढायला असंख्य बीजे मिळतात आणि पातळ कडांचा पांढरेपणा जातो. तेवढेच सिलिकॉन आधीच भट्टीत घातले तर हा परिणाम मिळत नाही. टाकून दहा-पंधरा मिनिटे रस ताटकळत ठेवला तरी परिणाम बराच ओसरतो. पृथक्करणाचा कागद तिन्ही वेळा तोच आकडा दाखवील, पण बीड वेगवेगळे असेल. ‘काय आहे’ इतकेच ‘केव्हा आले’ हेही महत्त्वाचे, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

म्हणूनच करड्या बिडाचे भारतीय मानक, आयएस २१०, प्रतींची नावे रासायनिक घटकांवरून देत नाही. ‘एफजी २००’ म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाच्या वेगळ्या ओतलेल्या नमुना-दांड्याचे ताणबल प्रति चौरस मिलिमीटर किमान २०० न्यूटन. ते साधण्यासाठी काय किती घालायचे, हे ओतणाऱ्यावर सोपवलेले आहे. मानक बनवणाऱ्यांनी जे ओळखले ते पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी ओळखायला हरकत नसावी.

कोष्टकाची बाजू

कोष्टकाच्या बाजूनेही बोलायला हवे. नवशिक्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते. साध्या करड्या बिडाच्या ठरलेल्या पट्ट्यात, नगाची जाडी ठरलेली असताना, कोष्टकातल्या बहुतेक नोंदी उपयोगी पडतात. अनुभवी कारागीरही मनात असेच काही तरी धरून चालतो. त्यातला काही भाग सूत्रातही मांडला आहे. कार्बन तुल्यांक म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. ३.४ टक्के कार्बन, २.१ सिलिकॉन व ०.१५ फॉस्फरस असेल तर तुल्यांक ३.४ अधिक ०.७५, म्हणजे ४.१५. हा आकडा ४.३च्या जितका जवळ तितका रस सहज वाहतो आणि बीड मऊ. जितका खाली तितके ते ताकदवान, पण पातळ भागांत पांढरे पडायला सोपे.

फॉस्फरसची नोंदही अगदीच टाकाऊ नाही. त्याने रस खरोखर सहज वाहतो आणि बीड ठिसूळही होते. पण रेल्वेच्या ब्रेक-ब्लॉकमध्ये तो मुद्दाम वाढवतात, कारण त्याचे कठीण संयुग झीज कमी करते. युरोपातल्या ‘पी-१०’ नावाच्या ब्रेक-ब्लॉकमध्ये तो सुमारे १ टक्का असतो. एका नगाचा दोष दुसऱ्याचा गुण.

‘शाळेत एवढे सारे कसे शिकवणार?’ ही अडचण रास्त आहे. पण एवढे सारे शिकवायचेच नाही. वरील उदाहरणांपैकी एखादे घ्यावे आणि कोष्टकाच्या डोक्यावर तीन प्रश्न लिहावेत : किती? कोणाबरोबर? किती वेगाने निवले? कोष्टक लहान ठेवले तरी चालेल; हे तीन प्रश्न पुसले जाऊ नयेत. मीठ ‘चव आणते’ हे खरे, पण किती आणि कशात, हे विचारल्याशिवाय कोणी स्वयंपाक करत नाही.

वर्गात करण्याजोगे

याला प्रयोगशाळा लागत नाही. बिडाचा तवा दोरीला टांगून लाकडी दांड्याने हलकेच ठोकावा. तेवढ्याच आकाराचा पोलादी तवा तसाच ठोकावा. पोलाद वाजत राहते, बीड ‘ठप्प’ म्हणते. ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपने जिरवतात, ते कानांनी ऐकू येते. जवळच्या यंत्रशाळेतून करड्या बिडाचा चुरा आणून पांढऱ्या कागदावर बोटाने घासावा. उमटणारा काळा डाग ग्रॅफाइटचा, पेन्सिलीचाच सख्खा भाऊ.

ओतशाळा ओळखीची असेल तर पाचरीच्या चाचणीचे तुटलेले तुकडे मागून घ्यावेत. रसाची छोटी पाचर ओतून, निववून, तोडतात. टोकाकडचा पातळ भाग आधी निवतो म्हणून पांढरा, जाड भाग करडा. पांढऱ्या भागाची लांबी पाहून कारागीर ठरवतो की रस ओतण्याजोगा आहे की नाही. लेखात सांगितलेली सारी शर्यत त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यात दिसते. मुलांनी बीड स्वतः फोडू नये, तुकडे उडतात. आणि रस ओतताना पाहायला न्यायचे झाले तर शाळेने कारखान्याची परवानगी आणि सुरक्षित अंतर या दोन्ही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

परीक्षेतला प्रश्नही बदलता येईल. ‘बिडावर निकेलचा परिणाम लिहा’ याऐवजी ‘एका बिडात ४ टक्के निकेल असून ते अतिशय कठीण आहे, दुसऱ्यात २० टक्के असून ते मऊ आहे आणि चुंबकाला चिकटत नाही. हे कसे शक्य आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठांतराने येते. दुसऱ्याचे पूर्ण उत्तर आले नाही तरी विद्यार्थी रचनेकडे बोट दाखवील. तेवढ्यालाही गुण द्यावेत.

उद्या यातला एखादा विद्यार्थी अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या यंत्रशाळेत उभा असेल. समोर कडक निघालेला नग असेल, हातात पृथक्करणाचा कागद. कोष्टक तेव्हा आठवेल किंवा आठवणार नाही. आठवलेच तर त्याने ते आंधळेपणाने लावू नये आणि आठवले नाही तर हातपाय गाळू नयेत. गंधकाच्या शेजारी मँगनीज किती आहे, नगाची भिंत किती जाडीची आहे, रस किती वेळ थांबला होता, एवढे त्याने विचारले तरी पुष्कळ. हे प्रश्न शाळेत लावायचे वळण आहे, आणि त्यासाठी आहे त्याच कोष्टकावर तीन शब्द लिहिण्यापलीकडे फारसा खर्च नाही.